वेलांटी आधी की अक्षर आधी

'किती' हा शब्द टाइप करायला घेतला की अजूनही कधीकधी माझं बोट क-च्या आधी वेलांटीकडे वळतं. १९९८ ते २००३ अशी पाच वर्षं मी आमच्या तालुक्याच्या गावात एका डीटीपीच्या दुकानात काम केलं. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, निवडणुकीची पत्रकं, वास्तुशांतीची निमंत्रणं. तेव्हाच्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी आधी टाइप करायची आणि अक्षर नंतर, कारण कागदावर ती अक्षराच्या डावीकडे दिसते. रफाराचं याच्या उलट. 'अर्थ' लिहायचा तर अ, मग थ आणि सगळ्यात शेवटी थ-च्या डोक्यावर रफार. बोलताना र थ-च्या आधी येतो, पण दुकानात हा प्रश्न कधी कुणाला पडला नाही. गिऱ्हाइकाला पत्रिका छापून हवी असे. छापून निघाली, शुद्धलेखन बरोबर असलं, की काम झालं.

खरं तर त्या संगणकाला मराठीचं एक अक्षरही येत नव्हतं. आम्ही जे टाइप करायचो ते आत इंग्रजी अक्षरं, कंस, टक्केचिन्हं म्हणून साठायचं. फाँटनं त्या प्रत्येक चिन्हावर देवनागरीचा एकेक तुकडा चढवलेला असे: कुठे काना, कुठे अर्धा त, कुठे उकार. ते तुकडे शेजारी शेजारी बसवले की मराठी दिसायची. फाँट बदलला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडायची. एकदा एका संस्थेचा अहवाल चुकून दुसऱ्या फाँटमध्ये उघडला आणि चाळीस पानं एका क्षणात निरर्थक झाली. मालकांनी शांतपणे फाँट बदलून दिला, मराठी परत आली, आणि आम्ही पुढच्या कामाला लागलो.

कागदावर दिसणं आणि असणं यांत फरक नसतो. 'शीर्षक' ठळक आणि मोठं छापलं की ते शीर्षकच. वाचणाऱ्याला दुसरं काही कळायची सोय नाही आणि गरजही नाही. माझं सगळं शिक्षण या समजुतीवर झालं होतं आणि तीच घेऊन मी वेबसाइट करायला बसले.

ते २००१ साल. गावातलं सार्वजनिक वाचनालय ब वर्गाचं, जुनं, दिवाळी अंकांचा संग्रह मोठा. गावातली बरीच मुलं तोवर पुण्यामुंबईत आणि काही अमेरिकेत गेली होती. त्यांना दिसावं म्हणून वाचनालयाचं एक पान इंटरनेटवर असावं, असं कार्यकारिणीच्या मनात आलं आणि 'तू कॉम्प्युटरवाली' म्हणून काम माझ्याकडे आलं. एका संगणक मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर वेबपानं करायचं सॉफ्टवेअर मिळालं. उघडलं तर ओळखीचंच वाटलं. कोरं पान, वर फाँटची यादी, रंगांची पेटी, चित्र घालायचं बटण. माउसनं ओढून ठेवायचं. जे दिसतं तेच मिळतं, असं त्या प्रकारच्या सगळ्याच सॉफ्टवेअरचं ब्रीद होतं.

पहिले आठ दिवस मी अतिशय आनंदात होते. डाव्या हाताला दुव्यांची पट्टी, उजवीकडे मजकूर, वर वाचनालयाच्या दगडी इमारतीचा फोटो. मग फोटो जरा डावीकडे घ्यावा म्हणून ओढला आणि पट्टीतले दुवे खाली कोसळले. ते सावरले तर मजकूर फाटला. एका बाजूला बोट लावलं की दुसरीकडे काहीतरी हलायचं आणि का हलतंय ते कळत नव्हतं. सायबर कॅफेत उघडून पाहिलं तर तिथल्या ब्राउझरमध्ये पान आणखी निराळं.

त्या कॅफेत बसणाऱ्या मुलानं मला विचारलं, "ताई, सोर्स बघितला का?" मेनूतून व्ह्यू सोर्स निवडलं आणि समोर माझंच पान उलगडलं, आतून. त्या दिवशीचं मला सगळ्यात ठळक आठवतं ते वाचनालयाचं नाव. एवढी एक ओळ, पण तिच्याभोवती फाँट टॅगची, म्हणजे अक्षरांचा रंग-आकार सांगणाऱ्या कोनी कंसातल्या खुणांची, सात आवरणं होती. मी नावाचा रंग निळा केला, मग लाल केला, आकार वाढवला, पुन्हा कमी केला. प्रत्येक वेळी जुनं आवरण तसंच ठेवून वर नवं चढलं होतं. मधेच दोन रिकामी आवरणं, आत काहीच नाही. आठवडाभर मी जे जे मन बदललं होतं ते सगळं तिथे थरांसारखं साठलेलं होतं. पडद्यावर मात्र फक्त शेवटचा थर.

मला फार वाईट वाटलं. दुकानात मी नीटनेटक्या कामासाठी ओळखली जात होते.

मग मी नोटपॅडमध्ये लिहायला शिकले. पुस्तक नव्हतंच. जे पान आवडेल त्याचा सोर्स उघडायचा, फ्लॉपीवर उतरवायचा, दुपारी दुकानात काम नसलं की एकेक टॅग काढून काय बिघडतं ते पाहायचं. सायबर कॅफेला तासाला तीस रुपये पडत, म्हणून वाचन घरी, प्रयोग तिथे. दीड महिन्यानं मी वाचनालयाचं तेच पान हातानं लिहून काढलं. आधीची फाइल चाळीस केबींची होती, नवी सहा. त्या वेळच्या मोडेमवर सेकंदाला चार-पाच केबी उतरले तरी नशीब म्हणायचं, त्यामुळे हा फरक बघणाऱ्याला घड्याळात दिसत होता.

हातानं कोड लिहिणाऱ्या लोकांत तेव्हा एक अभिमान होता आणि तो माझ्यातही आला. हीच वेबची मूळ, खरी रीत, बाकी सगळं नंतरचं, असं मी बरीच वर्षं मानत आले. ते चूक होतं. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत नेक्स्ट संगणकावर पहिला ब्राउझर लिहिला, तेव्हा तोच संपादकही होता. ज्या खिडकीत पान वाचायचं त्याच खिडकीत ते बदलायचं, नवा दुवा जोडायचा. माणसं कोनी कंसातले टॅग स्वतःच्या हातानं लिहीत बसतील ही त्यांची कल्पनाच नव्हती. पण नेक्स्ट यंत्रं मोजक्यांकडे. इतर संगणकांसाठी जे ब्राउझर आले, त्यांत लिहिण्याची बाजू राहून गेली. १९९३ मध्ये मोझेक आला आणि वेब घराघराच्या दिशेनं निघालं ते फक्त वाचायच्या खिडकीसकट. लिहायचं तर उरला साधा मजकूर-संपादक. लोकांनी टॅग शिकून घेतले कारण दुसरा इलाज नव्हता.

म्हणजे पुढे आलेली दृश्य सॉफ्टवेअरं एका परीनं ते हरवलेलं अर्धं परत आणत होती. फ्रंटपेज १९९५ मध्ये व्हर्मीर नावाच्या छोट्या कंपनीनं काढलं आणि पुढच्याच वर्षी ती कंपनी मायक्रोसॉफ्टनं विकत घेतली. १९९७ च्या अखेरीस मॅक्रोमीडियानं ड्रीमवीव्हर आणलं. त्याच्या जाहिरातीत एक आश्वासन ठळकपणे असे: तुम्ही हातानं लिहिलेल्या कोडला आम्ही आपणहून हात लावणार नाही. असं आश्वासन विकाऊ ठरावं, यावरून त्या दिवसांत लिहिणाऱ्यांची काय तक्रार होती ते लक्षात येतं.

मला हातानं लिहिण्यातून जे मिळालं ते वेगाचं किंवा केबींचं नव्हतं. नोटपॅडमध्ये प्रत्येक ओळीआधी थांबून ठरवावं लागायचं की ही ओळ काय आहे. शीर्षक आहे का? असलं तर कितव्या पातळीचं, कारण एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानं लिहायच्या त्या टॅगांच्या भाषेत, सहा पातळ्या आहेत. उतारा आहे, यादी आहे, का पत्ता? दृश्य सॉफ्टवेअर मला विचारायचं, हे किती मोठं दिसू दे? कोरी फाइल विचारायची, हे आहे तरी काय? हा फरक मला तेव्हा शब्दांत सांगता आला नसता. वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंना मात्र तो एका मिनिटात कळला. त्यांनी आयुष्यात संगणकाला हात लावला नव्हता. मी त्यांना पडद्यावर दाखवलं, की हा एच-वन, त्याच्या पोटात हे एच-टू, आणि त्या म्हणाल्या, "म्हणजे वर्गीकरणच की. पुस्तक कपाटात कुठे जायचं ते त्याच्या विषयावरून, बांधणीच्या रंगावरून नाही." मी पुढे ज्यांना ज्यांना एचटीएमएल शिकवलं त्यांना हेच वाक्य सांगून सुरुवात केली.

आणि तरीही, माझ्या त्या स्वच्छ, सहा केबींच्या, हातानं लिहिलेल्या पानात मराठीचा एकही शब्द नव्हता. वर सांगितलं ते सगळं तिथेही लागू होतं. टॅग नेमके होते आणि टॅगांच्या आत इंग्रजी अक्षरं, कंस, टक्केचिन्हं होती. पानावर सूचना होती: 'हा फाँट उतरवून घ्या, नाहीतर मजकूर दिसणार नाही.' शोधयंत्राला त्यात 'वाचनालय' हा शब्द कधी सापडला नाही, कारण तो तिथे नव्हताच. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिपींतल्या अक्षरांना स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून होती, पण आमच्या दुकानातल्या विंडोज ९८ ला तिची जोडाक्षरं कशी जुळवायची ते येत नव्हतं. जे मला त्या सॉफ्टवेअरमध्ये खुपलं होतं, नुसतं दिसण्यापुरतं असणं, तेच मी अक्षरांच्या पातळीवर रोज करत होते.

युनिकोडशी माझी ओळख २००४ च्या सुमारास झाली. पहिल्यांदा 'किती' टाइप करताना क आधी आणि वेलांटी नंतर दाबली. पडद्यावर वेलांटी आपणहून उडी मारून डावीकडे जाऊन बसली. मी ते पाच-सहा वेळा करून पाहिलं. आत क्रम उच्चाराचा: क, मग इ. 'अर्थ'मध्येही र आधी, थ नंतर, आणि रफार डोक्यावर चढवायचं काम फाँटचं. आत शब्द जसा आहे तसा आणि बाहेर तो जसा दिसायला हवा तसा, दोन्ही आपापल्या जागी. दुकान सोडून वर्ष झालं होतं, नाहीतर मी तडक जाऊन मालकांना दाखवलं असतं.

मधली वर्षं भरभर सांगण्यासारखीच आहेत. लग्न, पुणे, एका प्रकाशनसंस्थेत नोकरी. वाचनालयाचं पान ज्या फुकट जागेवर होतं ती जागा बंद पडली, पान गेलं, माझ्याकडे सीडीवर प्रत राहिली.

२०२३ च्या उन्हाळ्यात वाचनालयानं नवी साइट करायचं ठरवलं तेव्हा काम माझ्या भाच्यानं अंगावर घेतलं. एकोणीस वर्षांचा, डिप्लोमाला आहे. त्यानं एका पेज बिल्डरवर दोन संध्याकाळी बसून साइट उभी केली. मी शेजारी बसून पाहत होते. तयार सांगाडा निवडला, फोटो ओढून ठेवले, मोबाइलवर कशी दिसते ते एका बटणावर पाहिलं. माझ्या सीडीवरची दिवाळी अंकांची यादी त्यानं फाँट बदलणाऱ्या एका सोयीतून युनिकोडमध्ये उतरवली. 'दुसऱ्या', 'ऱ्हास' असले शब्द तेवढे मोडले, ते आम्ही हातानं दुरुस्त केले. आकडे इंग्रजीच राहिले, कारण जुन्या फाँटमध्ये मराठी ५ च्या मागेही इंग्रजी पाचच साठवलेला होता. राहू देत म्हटलं.

साइट सुंदर झाली होती. मला दीड महिना लागलेलं काम त्यानं दोन संध्याकाळी, माझ्यापेक्षा कितीतरी देखणं केलं, याचं मला कौतुक वाटलं आणि थोडं दुखलंही.

एकच गोष्ट मला लगेच खटकली. मोठ्या शीर्षकांत अक्षरं सुटी सुटी झाली होती, शिरोरेषा प्रत्येक अक्षरानंतर तुटलेली. "स्टाइल आहे ती, मावशी," भाचा म्हणाला. तो मूळ सांगाडा इंग्रजीसाठी केलेला. इंग्रजी मोठी अक्षरं एकमेकांपासून लांब उभी केली की डौलदार दिसतात, म्हणून करणाऱ्यानं अक्षरांमधलं अंतर वाढवून ठेवलं होतं. आपली अक्षरं एका रेघेला लटकलेली असतात. त्यांच्यात अंतर घातलं की शब्दच मोडतो. ओळींमधलं अंतरही इंग्रजीच्या मापाचं होतं, त्यामुळे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांवर टेकत होते. हे दोन्ही आम्ही सुधारलं, साइट सुरू झाली, गावात पेढे वाटले गेले.

चार दिवसांनी गुरुजींचा फोन आला. त्यांनी मला आठवी ते दहावी गणित शिकवलं. निवृत्तीनंतर काचबिंदूनं त्यांची दृष्टी गेली, आणि ते आता संगणकाकडून वाचून घेतात. एनव्हीडीए हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं सुरू केलं, ते फुकट मिळतं. गुरुजी त्यावर रोजची वर्तमानपत्रं ऐकतात.

"अगं, तुमची साइट उघडते," ते म्हणाले, "पण बोलत नाही. मराठी सगळं गिळतंय. नुसते आकडे वाचतंय, तेही इंग्रजीतून. नाइन्टीन एटी फाइव्ह, नाइन्टीन एटी सिक्स. बाकी शांत."

मी आणि भाचा त्या रात्री फोनवर, दोन शहरांत, एकाच पानाचा सोर्स उघडून बसलो. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा आपल्या साइटचा सोर्स पाहिला. पहिल्याच ओळीत पानाची भाषा जाहीर केलेली असते, आणि तिथे लिहिलं होतं: अमेरिकन इंग्रजी. सांगाड्याबरोबर आलेली खूण, कुणी बदललीच नव्हती. गुरुजींच्या संगणकानं पानाच्या सांगण्यावर विश्वास ठेवून इंग्रजी आवाज लावला होता, आणि त्या आवाजाला देवनागरी येत नसल्यानं त्याला वाचता येत होते ते फक्त आकडे. पुढे पाहिलं तर पानावर एकही शीर्षक नव्हतं. आम्हाला जी शीर्षकं वाटत होती ती साध्या मजकुराची चौकट, मोठा आकार, ठळक ठसा. डिव्ह म्हणजे नुसती निनावी चौकट. डिव्हच्या पोटात डिव्ह, त्याच्या पोटात डिव्ह, आणि सगळ्यात आत 'वाचनालयाचा इतिहास'. एनव्हीडीएमध्ये एच ही कळ दाबली की पुढच्या शीर्षकावर उडी मारता येते. गुरुजी ती दाबत राहिले असणार आणि संगणक त्यांना सांगत राहिला असणार की पुढे शीर्षक नाही.

"पण दिसतंय की," भाचा म्हणाला. त्याच्या आवाजात गोंधळ होता, उद्धटपणा नव्हता. बावीस वर्षांपूर्वी मीही हेच म्हणाले असते.

मला वाटलं होतं आता सगळं हातानं लिहावं लागेल, आणि खरं सांगायचं तर मी मनातून त्याला तयारही झाले होते. गरज पडली नाही. बिल्डरच्या सेटिंगमध्ये भाषेची यादी होती, तिच्यात मराठी होती. शीर्षकासाठी वेगळी चौकट होती आणि तिच्यात पातळी निवडायची सोयही. सगळं तिथेच होतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं. आम्ही रात्री दीडपर्यंत एकेक चौकट उघडत गेलो. मी विचारायची, "हे काय आहे?" आणि तो आधी "मोठं टेक्स्ट" म्हणायचा, मग थांबून, "शीर्षक. दुसऱ्या पातळीचं." यादीला यादी केलं. फोटोला वर्णन दिलं: दगडी इमारत, पायऱ्यांवर बसलेली मुलं. आकडे देवनागरी केले. भाषा मराठी केल्यावर आणखी एक गोष्ट आपोआप घडली, ती मला माहीत होती पण मी विसरले होते. तिथल्या फाँटमध्ये ल आणि श यांची हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणं ठेवलेली होती. पानानं स्वतःला मराठी म्हणवताच ल-ला पाकळी आली, श-ला देठ. भाच्याला मी काही सांगितलं नव्हतं. तोच म्हणाला, "मावशी, अक्षरं बदलली का गं?"

तो आता नोटपॅडमध्ये लिहीत नाही आणि मी त्याला तसा आग्रहही करत नाही. हल्ली तर त्याच्या वर्गातली मुलं हवं ते वाक्यात सांगतात आणि यंत्र कोड लिहून देतं. पण साइट झाली की तो सोर्स उघडून पहिली ओळ वाचतो, हे त्यानं मला आपणहून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुजींचा पुन्हा फोन. पूर्ण पान ऐकलं होतं, इतिहास, वेळा, कार्यकारिणी, आणि दिवाळी अंकांची सबंध यादी, सन १९६२ पासून. शीर्षकावरून शीर्षकावर उड्या मारता येतात म्हणाले, बरं वाटलं. मग थोडे थांबले.

"त्या यादीत सत्त्याऐंशी साल दोनदा आलंय. परवा नुसते आकडे ऐकू येत होते तेव्हाच मला वाटलं होतं, एटी सेव्हन दोनदा कसं. आता नावं ऐकल्यावर कळलं, दुसरं आहे ते अठ्ठ्याऐंशीचं."

मी सीडीवरची जुनी फाइल उघडली. फाँट नसल्यानं नावांच्या जागी कंस आणि टक्केचिन्हं होती, पण आकडे स्वच्छ दिसत होते. १९८६, १९८७, १९८७, १९८९. सात फाँट टॅगांच्या पानातही ते तसंच असणार, हातानं लिहिलेल्या पानातही तसंच होतं. मी भाच्याला फोन लावला आणि म्हटलं, यादी उघड, सत्ताविसावी ओळ, तिथलं साल बदलायचंय.